चारशेवं कार्ड

बाईंबद्दल कोणालाही विचारा, 'फार प्रामाणिक' एवढंच सांगतील. खोटं नाही ते. पण प्रामाणिक माणसाच्या शेजारच्या टेबलावर चौदा वर्षं बसून दाखवा, मग आपण बोलू.

आमचं ऑफिस शब्दकार्डांची पेटी काढतं. बाहेरच्या देशांतून जे लोक इथे राहायला येतात, त्यांना आपली भाषा शिकवायला ही पेटी. चारशे शब्द, चारशे कार्डं, कार्डाच्या एका बाजूला फोटो आणि मागे शब्द. कुठल्या शब्दाला कुठला फोटो द्यायचा हे बाई ठरवतात. तो छपाईच्या मोठ्या कागदावर, म्हणजे फर्म्यावर, कुठे बसेल हे मी ठरवतो. एका फर्म्यावर सोळा कार्डं, असे पंचवीस फर्मे. प्रत्येक फर्म्याच्या कोपऱ्यात बाईंची सही पडल्याशिवाय तो छापखान्यात जात नाही. त्या मला 'मांडणीवाले' म्हणतात. त्यांना सगळे तोंडावर बाई म्हणतात आणि पाठीमागे पाचमोजी बाई. हे त्यांना ठाऊक आहे.

पाचमोजी का, तर त्यांची पद्धत. फोटो निवडला की त्याचं कच्चं कार्ड करायचं, पाठ कोरी ठेवायची, आणि ते तीन माणसांना वेगवेगळं गाठून दाखवायचं: दारावरचे रखवालदार, चहाच्या मावशी आणि गोदामवाले काका. तिघांनीही पाच मोजायच्या आत तोच शब्द सांगितला तर फोटो पास. एक जण जरी अडखळला तरी बाद. दाखवताना बाई कार्डाची पाठ स्वतःकडे धरतात, कारण आपली नजर चित्रावर गेली तर समोरच्याला सुगावा लागेल अशी त्यांना भीती. चित्राकडे बघायचंच नाही, माणसाच्या तोंडाकडे बघायचं आणि मनात मोजायचं. ओठ मात्र हलतात.

ही पद्धत त्यांची स्वतःची. आधी त्या इथे टायपिंग करायच्या. नवरा वर्षभरापूर्वीच गेला होता, मुलगा तिसरीत. पहिल्या पेटीची चित्रं एका चित्रकाराने हाताने काढली होती, आणि 'पाऊस' या शब्दाला त्याने छत्री धरलेला एक रुबाबदार माणूस काढला होता. झालं, शिकणारे सगळे छत्रीलाच पाऊस म्हणायला लागले. टायपिंगच्या बाई साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या आणि म्हणाल्या, "साहेब, हे चुकतंय." साहेब म्हणाले, "मग तुम्हीच करा." साहेबांनी ते वैतागून म्हटलं होतं. बाईंनी मनावर घेतलं. त्यानंतरची दुसरी पेटी सगळी फोटोंची निघाली, बाईंनी निवडलेल्या फोटोंची, आणि आजही तीच चालू आहे.

काम ऐकायला सोपं वाटतं. 'केळं' सोपंच आहे. पण 'मदत' आणून दाखवा. जिथे फोटो विकत मिळतात तिथे 'मदत' शोधलं की दोन हात एकमेकांत गुंतवलेले येतात. 'विश्वास' शोधलं तरी तेच दोन हात. 'मैत्री', 'करार', 'निरोप', सगळीकडे तेच. मला त्या हातांचा इतका तिटकारा आला होता की कोणी हस्तांदोलनाला हात पुढे केला तरी अंगावर काटा यायचा. बाईंचे नियमही कडक. फोटोत दोन वस्तू नकोत, बघणारा दुसरीकडेच जातो. हसणारा माणूस तर नकोच नको. "हसणारा माणूस कुठल्याही शब्दाला चालतो," त्या म्हणायच्या, "म्हणजे तो कुठल्याच शब्दाचा नाही."

आणि मग मुलगा सून घेऊन आला. मुलगा धरणावर कामाला, लांब, महिन्यातून दोनदा घरी. तिथेच त्याची तिच्याशी ओळख झाली. मुलगी परमुलखातली, तिच्या भाषेतलं अक्षरही आम्हाला लागत नाही आणि तेव्हा तिला आमचं येत नव्हतं. लग्न करून त्याने तिला आईकडे ठेवलं आणि तो कामावर परत गेला. घरात सासू आणि सून, मध्ये एक स्वयंपाकघर.

इथे कायम राहायचं तर परवाना लागतो, आणि परवान्यासाठी भाषेची तोंडी परीक्षा. परवान्याच्या कचेरीतला अधिकारी पेटीतली साठ कार्डं एकेक करून दाखवतो, आपण शब्द सांगायचा. पंचेचाळीस बरोबर आली तर पास. दोनदा बसता येतं. दोन्हीदा नापास झालं तर आपल्या देशात परत जायचं आणि दोन वर्षं थांबून पुन्हा पहिल्यापासून अर्ज करायचा. ती पेटी कुठली, तर आमचीच. बाईंचीच.

आता दुसरा कोणी असता तर पेटी घरी नेऊन आठवड्याभरात सुनेकडून घोकून घेतली असती. बाईंनी पेटीचं एक कार्डही घरी नेलं नाही. म्हणाल्या, "ते योग्य नाही. परीक्षेचा कागद घरी नेण्यासारखं आहे ते." त्यांनी सुनेला बाजारात पाठवलं, शेजारणीकडे बसवलं, वर्गाला घातलं. दहा महिने पोरगी कान टवकारून बसली आणि शिकली. परीक्षेत साठपैकी एकतीस.

ऑफिसात ही बातमी बाईंच्या आधी पोचली. पाचमोजी बाईंची सून, आणि बाईंच्याच पेटीत नापास. कोणी तोंडावर बोललं नाही, पण त्या जिन्यावरून चढायला लागल्या की खालचं बोलणं थांबायचं. बाई माझ्यासमोर एकच वाक्य बोलल्या. "मुलगी जरा मंद आहे हो, मांडणीवाले. घरीही नुसती टेबलाशी बसून असते." मला ते आवडलं नाही, पण मी मान हलवली. दुसरी परीक्षा अडीच महिन्यांनी होती.

त्याच सुमारास तिसरी पेटी शेवटाला आली होती. तीनशे नव्याण्णव शब्द पास. चोवीस फर्मे सह्या होऊन तयार. पंचविसाव्यावर पंधरा कार्डं आणि एक पांढरा चौकोन. घोडं अडलं होतं एका शब्दापाशी: वाट पाहणे.

बसथांब्यावरचा माणूस दाखवला, रखवालदार म्हणाले 'बस'. खिडकीतली बाई दाखवली, मावशी म्हणाल्या 'दुःख'. दवाखान्यातलं बाक, 'दवाखाना'. फोनकडे टक लावून बसलेली मुलगी, 'फोन'. रांग दाखवली तर काका म्हणाले 'गर्दी'. एकेचाळीस फोटो बाद झाले. तीन आठवडे. छापखान्याचा फोन रोज अकराला यायचा आणि तो मला घ्यावा लागायचा. मी बाईंना म्हटलं, "अहो, दवाखान्याचं बाक देऊन टाकू. कोण मरणार आहे?" त्या म्हणाल्या, "परीक्षेला बसणारा मरतो." मी म्हटलं, "मग हा शब्दच काढा." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी गुपचूप मॉनिटरकडे वळलो.

त्या दिवशी छापखान्याचा फोन दोनदा आला होता. माझं डोकं फिरलं होतं, हे मी कबूल करतो. बाईंनी बेचाळिसावा फोटो काढून ठेवला होता, दाराच्या उंबऱ्यावर बसलेल्या म्हाताऱ्याचा, आणि त्या हात धुवायला गेल्या होत्या. माझ्या टेबलावर चौथ्या फर्म्यातला एक उरलेला फोटो पडला होता. लाल प्लास्टिकची बादली. नुसती बादली, पांढऱ्या जमिनीवर. मी म्हातारा काढला आणि बादली ठेवली. त्यांना जरा तोंडावर पाडावं, एवढाच विचार. रखवालदार 'बादली' म्हणतील, बाई चपापतील, मी हसेन, आणि कदाचित मग त्या दवाखान्याच्या बाकावर तयार होतील.

बाई कार्ड घेऊन खाली गेल्या. सवयीप्रमाणे पाठ स्वतःकडे.

दहा मिनिटांनी वर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा मी ओळखला नाही. तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्या हसत होत्या. "झालं," त्या म्हणाल्या. "तिघंही. रखवालदारांनी तर दोन मोजायच्या आत सांगितलं. लावा." आणि त्यांनी कार्ड माझ्यासमोर चित्र वर करून ठेवलं.

आम्ही दोघंही त्या बादलीकडे बघत राहिलो.

मला हसू आलं. थांबवता आलं नाही. हसता हसता मी सगळं सांगून टाकलं, की मी बदललं, चेष्टा केली, माफ करा. बाई हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. त्यांनी कार्ड उचललं आणि पुन्हा खाली निघाल्या. मी मागोमाग गेलो, कारण आता मला भीती वाटायला लागली होती.

"हे काय आहे?" त्यांनी रखवालदारांना विचारलं. या वेळी चित्र दोघांच्या मध्ये धरून.

"वाट पाहणे," रखवालदार म्हणाले.

"नीट बघा."

रखवालदारांनी चष्मा चढवला. "बादली आहे," ते म्हणाले. मग त्यांना वाटलं की बाईंना वाईट वाटेल, म्हणून घाईने म्हणाले, "पण रिकामी आहे ना. नळाला पाणी आलेलं नाही. म्हणून वाट बघतेय बिचारी."

"तुम्ही मघाशी चित्र बघितलं होतं का?"

रखवालदार घुटमळले. ते साधे आहेत, खोटं जमत नाही त्यांना. "बाई, तीन आठवडे तोच शब्द चाललाय. तुमचे हाल बघवत नव्हते. म्हटलं, एकदाचं सुटू द्या."

मावशी चहाची भांडी घासत होत्या. त्यांनी तर वळूनही पाहिलं नाही. "मी कुठे चित्र बघते," त्या म्हणाल्या. "मी तुमच्या तोंडाकडे बघते. बरोबर यायला लागलं की तुमच्या भुवया खाली उतरतात. चुकत असलं की वर. एक शब्द अर्धा बोलायचा, भुवई बघायची, नाहीतर दुसरा धरायचा. सोपं आहे."

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"मागच्या पेटीपासून. मधेच कधीतरी समजलं."

काकांना विचारायला बाई गेल्याच नाहीत. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर त्या बसल्या. कार्ड गुडघ्यावर. मी शेजारी उभा. मागची पेटी निघून सात वर्षं झालेली. चारशे फोटो. किती माणसं त्या परीक्षेला बसली असतील ते मी मोजायला लागलो आणि सोडून दिलं. तिघांनी मिळून या बाईला फसवलं नव्हतं, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. तिघांचाही बाईंवर जीव होता.

"मांडणीवाले," त्या म्हणाल्या, "आज संध्याकाळी माझ्या घरी या. मला एक कोरा डोळा हवाय आणि माझ्या ओळखीत तो एकच आहे. मी तोंड फिरवून बसेन. तुम्ही दाखवायचं आणि तुम्ही मोजायचं."

आम्ही पोचलो तेव्हा साडेसात वाजून गेले होते. बाईंची घरी पोचायची हीच वेळ, हे मला तेव्हा कळलं. स्वयंपाकघर लहान, टेबल भिंतीला लावलेलं, दोन खुर्च्या. एका खुर्चीवर सून बसली होती. समोर टेबलावर एक ताट आणि त्यावर दुसरं ताट पालथं झाकलेलं. बाईंनी ते सवयीने बाजूला सरकवलं आणि कार्डांना जागा केली. जुन्या पेटीचं एकही कार्ड त्यांनी आणलं नव्हतं, तेवढं भान त्या दिवशीही होतं. आणली होती नव्या पेटीतली, पास झालेली, सही झालेली. बाई भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसल्या.

मी पहिलं कार्ड धरलं. टेबलाशी कॉम्प्युटरसमोर एक माणूस. शब्द होता 'काम'.

"बसला आहे," सून म्हणाली.

डोक्याला हात लावून सोफ्यावर आडवी पडलेली बाई. 'आजारी'. सून म्हणाली, "आराम." ओठांवर बोट ठेवलेली मुलगी, 'शांत'. सुनेने जरा विचार केला आणि म्हणाली, "दात दुखतो." लख्ख पुसलेली खोली, 'स्वच्छ'. "कोणी राहत नाही." दोन हात एकमेकांत, तेच माझे ओळखीचे हात, 'मदत'. "लग्न." मग गवतावर बसलेले आई, बाप, दोन मुलं, चौघंही दात दाखवत. या एका फोटोला बाईंनी हसण्याची सूट दिली होती, कारण न हसणारं कुटुंब विकत मिळेना. सून म्हणाली, "परके लोक."

चाळीस कार्डं दाखवली. नऊ जुळली. भिंतीकडे तोंड करून बसलेल्या बाईंच्या मानेवरची शीर मला दिसत होती. आणि मला एव्हाना दुसरंच काहीतरी दिसायला लागलं होतं. पोरीचं एकही उत्तर चूक नव्हतं. तो माणूस खरोखर नुसता बसलेला होता. त्या खोलीत खरोखर कोणी राहत नव्हतं.

मग घड्याळाकडे बघणारा माणूस आला. 'उशीर'. "घड्याळ," सून म्हणाली.

बाई स्टुलावरून गर्रकन वळल्या. "उशीर हा शब्द तुला येतो की नाही?" त्यांनी चिडून विचारलं. "चित्र राहू दे. उशीर म्हणजे काय?"

"येतो," सून म्हणाली. "उशीर म्हणजे तुम्ही."

मी खाली बघितलं. बाईंना पहिल्यांदा कळलंच नाही. मग त्यांनी हळूच विचारलं, "आणि वाट पाहणे?"

सुनेने बाजूला सरकवलेलं ताट पुढे ओढलं, टेबलावर जिथे आधी होतं तिथे बाईंच्या खुर्चीसमोर ठेवलं, आणि वरच्या पालथ्या ताटावर हात ठेवला. मी मोजत होतो. माझे दोनही झाले नव्हते.

वर्षभर ती पोरगी रोज संध्याकाळी ते ताट झाकून टेबलाशी बसत होती. आणि बाई सातपर्यंत आमच्या ऑफिसात बसून फोटो शोधत होत्या, गेले तीन आठवडे तर वाट बघणाऱ्या माणसाचे. मी चपला घातल्या.

दुसऱ्या दिवशी बाई साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या आणि सांगितलं की चोवीस फर्म्यांवरच्या सह्या मी मागे घेते. साहेबांचा आवाज मला बाहेर ऐकू येत होता. "एका बादलीसाठी? अहो, बादलीसाठी?" बाईंचा आवाज ऐकू आला नाही, पण सह्या मागे घेतल्या गेल्या. पंचवीस फर्मे, दोन वर्षांचं माझं काम, कपाटाच्या खालच्या खणात गेलं. मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. मला कोणी विचारलं नाही.

त्याच दिवशी त्यांनी परवान्याच्या कचेरीला पत्र लिहिलं, की चालू पेटीतले फोटो नीट पारखलेले नाहीत, चूक माझी आहे, नवी पेटी निघेपर्यंत या पेटीवर कोणाला नापास करू नका. सोबत बादलीचं कार्ड जोडलं. नवव्या दिवशी उत्तर आलं, दोन ओळींचं. परीक्षा प्रचलित साहित्यावरच होईल, आणि सोबतचं बादलीचं कार्ड परत पाठवत आहोत.

आता सुनेच्या दुसऱ्या परीक्षेला अकरा दिवस उरले होते. मी बाईंना स्पष्ट सांगितलं. "जुनी पेटी घरी न्या. चारशे कार्डं, काय बोलायचं ते घोकून घ्या. सगळे तेच करतात."

"तिला शब्द येतो, मांडणीवाले. चित्र माझं चुकलंय. आणि मी तिला काय सांगू, रिकाम्या खोलीला स्वच्छ म्हण? तिचे डोळे चांगले आहेत. मी ते माझ्या हाताने बिघडवू?"

"मग ती जाईल परत. डोळे घेऊन."

हे मी जरा जास्तच जोरात बोललो. बाई उठून गेल्या. संध्याकाळी पाहिलं तर कपाटातली जुनी पेटी नव्हती आणि वहीत त्यांच्या अक्षरात नोंद होती: 'घरी नेली.' चौदा वर्षांत पहिल्यांदा. त्या आठवड्यात त्या साडेपाचला निघत होत्या आणि सकाळी डोळे सुजवून येत होत्या. एकदा मी विचारलं, जमतंय का? म्हणाल्या, "जमतंय. तिसऱ्या दिवशीच चित्र बघायच्या आधी बोलायला लागली. आपल्या मावशींसारखी." आणि त्यांचा आवाज फुटला. मी पाण्याचा पेला पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

परीक्षेच्या दिवशी मीही गेलो. बादली मीच घातली होती, घरी बसवेना. कचेरीच्या बोळात एक लांब बाक, त्यावर दहाबारा माणसं, प्रत्येकाच्या मांडीवर कागदांची पिशवी. सुनेला आत बोलावलं. दार बंद झालं. बाईंनी पर्समधून एक कच्चं कार्ड काढलं. त्यांच्याच टेबलाचा फोटो होता: झाकलेलं ताट, मागे रिकामी खुर्ची. दोन वस्तू. त्यांच्या स्वतःच्या नियमात न बसणारा. तो त्यांनी स्वतः काढला होता आणि जरा हललेला होता.

शेजारी बसलेल्या माणसाला त्यांनी तो दाखवला, पाठ स्वतःकडे धरून. ओठ हलले. "जेवण," माणूस म्हणाला. त्याच्या पलीकडच्या तरुणाने सांगितलं, "माशा." का, ते त्याने हाताने करून दाखवलं, ताट झाकलं नाही तर माशा येतात. तिसरी एक प्रौढ बाई होती. तिने कार्ड हातात घेतलं. बाईंचे चार मोजून झाले, मी बघत होतो. मग ती बाई तिच्या मोडक्या बोलीत म्हणाली, "अजून आला नाही."

बाईंनी पाच मोजलेच नाहीत. त्यांनी कार्ड परत घेतलं आणि रुमाल शोधायला लागल्या.

दार उघडलं. सून बाहेर आली, हातात शिक्का मारलेला कागद. साठपैकी अठ्ठावन्न. मी तिचं अभिनंदन केलं. बाईंनी कागद दोनदा वाचला आणि जी विचारायची तीच गोष्ट विचारली. "दोन कुठली चुकली?"

"एक कुटुंब," सून म्हणाली. जुन्या पेटीतली बरीच चित्रं तशीच होती, गवतावरचं कुटुंबही. "मला आठवत होतं तुम्ही काय शिकवलं. पण साहेबांनी दाखवलं, तर ते परके लोकच दिसले."

"आणि दुसरं?"

"घड्याळवाला माणूस. साहेबांनी विचारलं हे काय. मी म्हटलं, माझ्या सासूबाई."

बाकावरची माणसं आमच्याकडे बघायला लागली, कारण बाई हसत होत्या, आणि ते हसणं मध्येच बिघडून त्यांनी तोंडाला रुमाल लावला. सुनेने त्यांच्या हातातली पर्स घेतली. दोघी बोळातून बाहेर गेल्या, माझ्याकडे लक्षच नव्हतं.

या गोष्टीला आता दोन वर्षं होतील. तिसरी पेटी अजून निघालेली नाही. छापखान्याने फोन करणं सोडलं. बाई दर मंगळवारी परवान्याच्या कचेरीतल्या त्या बाकावर जाऊन बसतात आणि दर वेळी बदलणाऱ्या माणसांना कार्डं दाखवतात. एक माणूस दोनदा वापरायचा नाही, हा नवा नियम. भुवया दिसू नयेत म्हणून काळा चष्मा लावतात, त्यावर लोक काय बोलतात ते मी इथे लिहीत नाही. चारशेपैकी एकशे बारा शब्द पास झालेत. माझ्या हिशेबाने मी निवृत्त होईन तेव्हा त्या तीनशेच्या आसपास असतील. झाकलेलं ताट अजून पासही नाही आणि बादही नाही. ते त्यांच्या टेबलाच्या काचेखाली आहे. जुनी पेटी कचेरीत तशीच चालू आहे आणि माणसं तिच्यावर नापास होतायत. तो विचार आला की माझं डोकं अजून फिरतं, आणि बाईंचं माझ्याहून जास्त.

पण एक बदल झालाय. साडेपाच वाजले की हातात कुठलंही कार्ड असो, कोणाचंही उत्तर अर्ध्यावर असो, बाई ते पालथं ठेवतात आणि पर्स उचलतात. परवा मी म्हटलं, "अहो, दोन मिनिटं थांबा, हा फर्मा तेवढा बघून जा." त्या जिन्यापर्यंत पोचल्या होत्या.

"उद्या बघते," त्या म्हणाल्या. "घरी उशीर होतो."